छातीतल्या आवाजांची नावं : प्रस्तावना

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मेडिसिन वॉर्ड, दुपारची ड्यूटी, दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी आणि सिन्नरकडचे एक आजोबा. आयुष्य विडीच्या तंबाखूत गेलेलं, छाती कायमची भरलेली. मुलीनं स्टेथो लावला, नीट ऐकलं आणि मला कळावं म्हणून पलंगाशेजारूनच मोठ्यानं सांगितलं, "मॅडम, घरघर आहे." पायथ्याशी बसलेली सून हे ऐकून उठली आणि बाहेर गेली. थोड्या वेळानं तिचा फोनवरचा आवाज व्हरांड्यातून आला, "लगेच निघा. सिस्टर म्हणतात, घरघर लागली." तासाभरात पाहुणे गोळा झाले. एकाच्या हातात रामकुंडावरून भरून आणलेली बाटली होती. तोवर आजोबांनी दोनदा जोरात खोकून बेडका काढला होता, छाती मोकळी झाली होती आणि ते उठून बसून चहा मागत होते.

आम्ही नंतर हसलो खरं, पण त्यात हसण्यासारखं फारसं नव्हतं. मुलीचा कान चुकला नव्हता. तिला जे ऐकू आलं, त्याला तिच्या आईच्या भाषेत घरघरच म्हणतात. फक्त त्याच भाषेत घरघर लागते ती मरणाऱ्याला. माणसाला लागते, तशी कारखान्याला लागते, पतपेढीला लागते, आणि एकदा लागली की मागं फिरत नाही. मुलीनं आवाज सांगितला, सुनेनं निकाल ऐकला. एकाच शब्दाला दोन श्रोते होते, आणि शब्द उच्चारताना तिच्या मनात त्यांतला एकच होता. ही पुस्तिका त्या दुपारपासून माझ्या डोक्यात आहे.

पुढं वाचताना कळलं की या खड्ड्यात पडणारे आम्ही पहिले नव्हतो. खुद्द स्टेथोस्कोपच्या जनकाचा पाय त्यात अडकला होता. पॅरिसच्या नेकर रुग्णालयात 1816 मध्ये रने लेनेक यांनी कागदाची सुरळी करून एका तरुण रुग्ण स्त्रीच्या छातीवर ठेवली. थेट कान लावणं संकोचाचं होतं, म्हणून काढलेली ही तोड. सुरळीतून ठोके अधिकच स्पष्ट ऐकू आले. मग लाकडी नळी आली, तीन वर्षं ऐकणं आणि टिपणं झालं आणि 1819 मध्ये ग्रंथ निघाला. आजवर कुणी धड न ऐकलेल्या आवाजांना नावं देण्याचं काम लेनेक यांच्या वाट्याला आलं. श्वासाबरोबर येणाऱ्या जादा आवाजांना त्यांनी 'राल' म्हटलं. पण फ्रेंच माणसाच्या कानाला राल म्हणजे मरणाऱ्याच्या घशातली घरघर! रुग्णांच्या देखत हा शब्द वापरला की ते धास्तावत. म्हणून पलंगाशेजारी बोलताना लेनेक त्याच अर्थाचा, पण रुग्णाला न कळणारा लॅटिन शब्द वापरू लागले. तो शब्द 'ऱ्हाँकस'.

म्हणजे राल आणि ऱ्हाँकस हे मुळात एकाच आवाजाचे दोन शब्द. एक वहीतला, एक रुग्णासमोरचा. 1821 मध्ये जॉन फोर्ब्स यांनी लेनेक यांचा ग्रंथ इंग्रजीत आणला, आणि पुढच्या पिढ्यांनी या दोन शब्दांचे दोन वेगळे आवाज करून टाकले. कुणी ओल्या, फुटणाऱ्या आवाजाला राल म्हणू लागलं, कुणी कोरड्या, सुरेल आवाजाला ऱ्हाँकस. एका डॉक्टरांचा राल तो दुसऱ्यांचा क्रेपिटेशन. हा गोंधळ दीडशे वर्षं चालला. 1977 मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटीनं शब्द ठरवून देण्याचा प्रयत्न केला, आणि त्यानंतरच्या चर्चांतून आजचे शब्द रुळले : बारीक क्रॅकल्स, जाड क्रॅकल्स, वीझ, ऱ्हाँकाय. आपल्या वॉर्डात मात्र 'क्रेप्स' अजून ठाण मांडून आहेत. केसपेपरवर ते दिसले की त्यांना क्रॅकल्सचं जुनं नाव समजावं. स्वतः लिहिताना क्रॅकल्स लिहावं, आणि बारीक की जाड तेही लिहावं.

लेनेक यांची ती युक्ती या पुस्तिकेचा कणा आहे. प्रत्येक संज्ञा इथं तीन रकान्यांत दिली आहे. पहिला रकाना नोंदीचा. नर्सेस नोट्समध्ये आणि हँडओव्हरला जो शब्द जातो तो, देवनागरीत. दुसरा समजुतीचा. तो आवाज कसा असतो, कशामुळे होतो, हे साध्या मराठीत. तिसरा रकाना पलंगाशेजारचा. त्यात रुग्ण हीच तक्रार कोणत्या शब्दांत सांगतो आणि आपण त्याला कोणत्या शब्दांत उत्तर द्यावं, हे आहे. पहिल्या दोन रकान्यांसाठी ग्रंथ आहेत. तिसऱ्यासाठी आम्हाला वॉर्डाशिवाय दुसरा आधार नव्हता.

पहिल्या रकान्यात शुद्ध मराठी संज्ञा का नाहीत, असं काही जण विचारतील. मीही सुरुवातीला परिताडन, परिश्रवण अशी यादी केली होती. ती घेऊन पहिल्या वर्षाच्या वर्गात गेले. मुलींनी ती पाठ केली, पेपरात लिहिली आणि वॉर्डात पाऊल टाकताच विसरल्या. कारण वॉर्डात तो शब्द बोलणारं कुणीच नव्हतं. दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळला 1998 पासून आरोग्य विज्ञान विद्यापीठ उभं आहे. त्याच्याशी जोडलेल्या महाविद्यालयांतून राज्यभरच्या मुली आणि आता मुलगेही परिचर्या शिकतात. पुस्तकं इंग्रजी, परीक्षा इंग्रजी, राऊंड अर्धा इंग्रजी अर्धा मराठी, आणि रुग्ण सुरगाण्याचा, येवल्याचा, मालेगावचा. वीझ हा शब्द तुम्ही नांदेडला नोकरीला गेलात तरी चालेल आणि मस्कतला गेलात तरी चालेल. म्हणून तो तसाच ठेवला. मात्र जिथं मराठी शब्द जिवंत आहे, तिथं त्याला हात लावला नाही. नाडी, ठोका, झडप, बेडका, धाप, उबळ यांना पर्याय शोधणं हा वेळेचा अपव्यय आहे.

भाषांतर करताना अर्थ आला आणि काम गेलं, याचं एक मासलेवाईक उदाहरण तुम्हाला तपासणीच्या दुसऱ्याच पायरीवर भेटेल. रुग्णाच्या पाठीवर तळहात टेकवून त्याला काहीतरी बोलायला लावायचं आणि हाताला जाणवणारी थरथर दोन्ही बाजूंना सारखी आहे का ते पाहायचं. याला टॅक्टाइल फ्रेमिटस म्हणतात. इंग्रजी पुस्तकं रुग्णाला 'नाइंटी-नाइन' म्हणायला लावतात. हा आकडा आला जर्मनीतून. जर्मन भाषेत नव्व्याण्णवला 'नॉयनउंडनॉयन्त्सिश' म्हणतात. त्यातले घुमणारे, खालच्या पट्टीतले स्वर छातीची भिंत चांगली हलवतात. इंग्रजांनी आकडा उचलला आणि घुमारा जर्मनीतच राहिला. आपल्या वॉर्डात जुन्या सिस्टर "एक, दोन, तीन म्हणा, जाड आवाजात" असं सांगतात, आणि तेच बरोबर आहे. इथं शब्दाचा अर्थ लागत नाही, त्याची थरथर लागते. न्यूमोनियानं फुप्फुसाचा भाग घट्ट झाला असेल तर ती थरथर वाढते, फुप्फुसाभोवती पाणी साठलं असेल तर कमी होते.

तिसरी पायरी ठोकून ऐकण्याची, म्हणजे पर्कशनची. तिचा इतिहास नाशिककरांना आवडावा. लिओपोल्ड आउएनब्रुगर हे ऑस्ट्रियातल्या ग्राट्झ इथल्या एका खानावळवाल्याचे चिरंजीव. वाइनच्या पिंपात माल किती उरला हे बाहेरून ठोकून ओळखायची रीत त्यांनी लहानपणी पाहिली होती, असं सांगतात. व्हिएन्नात डॉक्टर झाल्यावर त्यांनी तेच छातीवर केलं आणि 1761 मध्ये त्यावर छोटंसं पुस्तक लिहिलं. त्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. 1808 मध्ये नेपोलियनचे वैद्य कोर्विसार यांनी त्याचं फ्रेंच भाषांतर केलं, तेव्हा कुठं जग ठोकू लागलं. वाइनची पिंपं आता आपल्या जिल्ह्यातही आहेत, पण तेवढ्यासाठी तिथं जायला नको. आपली आजी माठ घेताना तो बोटाच्या पेरानं वाजवून घेत असे. आत तडा असेल तर नाद बदलतो, हे तिला ठाऊक होतं. हवा भरलेल्या निरोगी फुप्फुसावर पोकळ नाद येतो, त्याला रेझोनन्स म्हणतात. जठरातल्या हवेवर ढोलासारखा टिम्पनी. नाशिक ढोलाच्या गावात हा आवाज समजावून सांगायला नको. यकृतावर भरीव, म्हणजे डल. फुप्फुसाभोवती पाणी साठलं असेल तर दगडावर ठोकल्यासारखा बद्द. आणि हवा अडकून फुगलेल्या छातीवर नाद नको तितका मोकळा, तो हायपर-रेझोनन्स.

आवाजांच्या भागात आम्ही उपमा मुद्दाम स्वयंपाकघरातून आणि अंगणातून घेतल्या आहेत. इंग्रजी पुस्तक बारीक क्रॅकल्सना वेल्क्रोची उपमा देतं. लेनेक यांनी दिली होती तापलेल्या भांड्यात तडतडणाऱ्या मिठाची. आपल्याला तवा आहेच. श्वास घेताना, शेवटाकडे, खडे मीठ तव्यावर टाकल्यासारखं बारीक तडतडलं की बारीक क्रॅकल्स. कानाशी चार केस बोटांत धरून चोळले तरी तोच आवाज येतो, करून पाहा. हे मिटलेले लहान वायुमार्ग फट्‌कन उघडण्याचे आवाज. जाड क्रॅकल्स अधिक ठसठशीत असतात, उकळत्या पिठल्याच्या बुडबुड्यांसारखे. खोकल्यावर ते बदलू शकतात, म्हणून रुग्णाला खोकायला लावून पुन्हा ऐकायचं. वीझ म्हणजे शीळ. अरुंद झालेल्या नळीतून हवा जाताना नळीच्या भिंती थरथरतात आणि सूर निघतो, बहुधा श्वास सोडताना. त्याच जातीचा, पण खालच्या पट्टीतला, घोरल्यासारखा आवाज म्हणजे ऱ्हाँकाय. आमच्या आजोबांचा आवाज हाच होता. प्लुरल रब, म्हणजे फुप्फुसाच्या सुजलेल्या आवरणाच्या दोन पदरांचं घासणं. नवी कोल्हापुरी चप्पल घालून चालताना जी करकर होते ती आठवा.

दोन गोष्टींवर या भागात लाल चौकट आहे. एक, स्ट्रायडर. श्वास घेताना गळ्याशी येणारा कर्कश आवाज, बहुतेक वेळा स्टेथोशिवायही ऐकू येणारा. खेळता खेळता शेंगदाणा नाहीतर चिंचोका श्वासनलिकेत गेलेल्या मुलात तो ऐकू येऊ शकतो. तिथं नाव आठवत बसायचं नाही, धावायचं. दुसरी गोष्ट नेमकी उलटी, शांतता. दम्याच्या जोरदार झटक्यात काही वेळानं शीळ थांबते. नवशिक्याला वाटतं, बरं वाटू लागलं. खरं तर नळ्या इतक्या आवळल्या गेलेल्या असतात की शीळ वाजवण्यापुरतीही हवा आत-बाहेर होत नाही. रुग्ण थकलेला, घामेजलेला, एक वाक्य पूर्ण बोलू न शकणारा आणि छाती गप्प, यापेक्षा धोक्याची नोंद क्वचितच असते. म्हणून "आवाज नाही" असं नुसतं लिहू नका. जादा आवाज नाहीत, की मुळात श्वासाचाच आवाज नाही, हे स्पष्ट लिहा.

श्वास मोजण्यावर एक अख्खं प्रकरण आहे, आणि ते जरा रागानं लिहिलं आहे. मी नोकरीत जेवढे टीपीआर चार्ट पाहिले, त्यांतल्या कित्येकांवर अख्ख्या वॉर्डचा श्वास 20 होता. दम लागलेल्याचा 20, झोपलेल्याचा 20. नाडी मोजली जाते, ताप मोजला जातो, श्वास लिहिला जातो. प्रौढाचा विसावलेला श्वास मिनिटाला साधारण 12 ते 20 असतो, आणि तब्येत बिघडू लागली की पुष्कळदा हाच आकडा सगळ्यांत आधी हलतो. मोजताना रुग्णाला सांगू नये, सांगितलं की श्वास बदलतो. नाडी मोजून झाली तरी मनगट तसंच हातात धरून नजर छातीवर न्यावी आणि पूर्ण एक मिनिट मोजावं. लहान मुलांत तर हा आकडाच निदान ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षं 40 किंवा जास्त असेल तर तो जलद. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं अक्षरओळख नसलेल्या दाईंनाही हे मोजता यावं म्हणून वाळूचं घड्याळ आणि मणी यांचं साधं साधन बनवलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. ज्या बाईला शंभरापर्यंत आकडे येत नव्हते, ती न्यूमोनिया ओळखू लागली. आपल्याला आकडे येतात. मग निदान मोजू तरी या.

हृदयाच्या भागात सगळ्यांत जास्त गोंधळ ऐकण्याच्या जागांचा होतो. चारही झडपा छातीच्या मधल्या हाडामागं अगदी दाटीवाटीनं बसलेल्या आहेत. ऐकायचं मात्र लांब लांब. महाधमनीची झडप उजवीकडे दुसऱ्या बरगडीखालच्या फटीत, फुप्फुसधमनीची डावीकडे तिथंच, ट्रायकस्पिड छातीच्या हाडाच्या डाव्या कडेला खाली, आणि मायट्रल पार पाचव्या फटीत, गळपट्टीच्या हाडाच्या मध्यातून खाली येणाऱ्या रेषेवर. असं का, हे सांगायला मी दुतोंड्या मारुतीची मदत घेते. पाणी सुटतं गंगापूर धरणातून, पण पूर किती आला हे नाशिककर रामकुंडाजवळच्या मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला पाणी लागलं त्यावरून सांगतात. झडपेचा आवाजही रक्ताच्या प्रवाहाबरोबर पुढं जातो आणि छातीच्या भिंतीजवळ जिथं पोचतो तिथं ऐकू येतो.

मायट्रल आणि ट्रायकस्पिड मिटताना 'लब', महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांच्या झडपा मिटताना 'डब'. कोणता कोणता ते कळेना, तर मानेतल्या नाडीवर हलकं बोट ठेवा. नाडीबरोबर येतो तो लब. तिसरा आवाज मिसळला की घोड्याच्या दौडीची लय येते, म्हणून गॅलप. मुलांत आणि तरुणांत तिसरा आवाज निर्दोष असू शकतो. साठीच्या माणसात, पायावर सूज असताना तोच ऐकू आला तर हृदय थकल्याची शंका घ्यावी. मर्मर या शब्दावर मात्र मराठी मुलींचा जन्मजात हक्क आहे. अमरकोशात मर्मर म्हणजे कापडाची आणि पानांची सळसळ. लॅटिनमधला मर्मर त्याच कुळातला मानतात. अडखळत्या किंवा मागं फिरणाऱ्या रक्ताची सळसळ ऐकू आली, तर ती लबनंतर की डबनंतर, कुठं सर्वांत मोठी आणि कुठवर पसरते, एवढं लिहा. तिची तीव्रता सहा पायऱ्यांत मोजतात. चौथ्या पायरीपासून ती तळहातालाही लागते, गुरगुरणाऱ्या मांजराच्या पाठीवर हात ठेवावा तशी. तिला थ्रिल म्हणतात.

आता तिसऱ्या रकान्याविषयी. रुग्ण आपल्याकडे पाठ्यपुस्तक घेऊन येत नाही. तो म्हणतो, "छाती भरली", "धाप लागते", "दम कोंडतो", "ठोका चुकतो", "छातीवर दगड ठेवल्यासारखं झालंय". 'दम लागतो' आणि 'दमा आहे' यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि घाईत तो केसपेपरवर पुसला जातो. 'काळीज' बोलण्यात हृदय असतं, मटणाच्या दुकानात यकृत. 'गॅस झालाय' हे तर आपल्या राज्याचं लाडकं निदान. त्यामागं हृदयविकाराचा झटका दडलेला असू शकतो, म्हणून हात कुठं जातो ते पाहा. मूठ आवळून छातीच्या मध्यावर टेकली तर शब्द बाजूला ठेवा आणि ईसीजीची तयारी करा. ऑर्थोप्निया हा शब्द रुग्णाला विचारता येत नाही. "रात्री उशा किती लागतात? बसून झोपावं लागतं का?" हे विचारता येतं. उशीऐवजी गोधडीची घडी घेणाऱ्या घरात "डोक्याखाली काय घेता?" असं विचारावं लागतं. हे शिकायला मला दहा वर्षं लागली, तुम्हाला दहा ओळी लागाव्यात.

ही पुस्तिका निदान शिकवत नाही. "न्यूमोनिया वाटतो" असं परिचारिकेनं लिहायचं नसतं. "उजवीकडे खाली, पाठीमागं, श्वास घेताना जाड क्रॅकल्स, खोकल्यावर न बदलणारे, श्वास 28" असं लिहायचं असतं. या एका ओळीवर रात्रीचे डॉक्टर पलंगापर्यंत येतात. "छातीत आवाज आहे" या ओळीवर ते फोनवरच राहतात. आणि पुस्तक कितीही वाचलं तरी कान पुस्तकानं तयार होत नाही. आधी स्वतःची, मग मैत्रिणीची, मग निरोगी माणसांची छाती ऐका. नेहमीचा श्वास कानात मुरला की वेगळा आवाज आपण होऊन कानाला खटकतो.

तिसरा रकाना भरून देण्याचं श्रेय वॉर्डातल्या मावशी आणि मामांचं, सुरगाणा, पेठ, कळवणच्या आशाताईंचं, आणि त्या असंख्य रुग्णांचं, ज्यांनी "असं म्हणजे कसं?" हा माझा प्रश्न न कंटाळता ऐकून घेतला. तरीही बागलाणातली अहिराणी बोलणारी आजी किंवा हरसूलचा कोकणी बोलणारा शेतकरी आपली धाप कोणत्या शब्दांत सांगतो, याचा थोडाच भाग माझ्या हाती लागला. म्हणून प्रत्येक पानावर तिसऱ्या रकान्याखाली तीन ओळी कोऱ्या सोडल्या आहेत. त्या तुम्ही भरायच्या.

त्या विद्यार्थिनीची गोष्ट अर्धीच राहिली. दुसऱ्या दिवशी तीच मुलगी हँडओव्हर देत होती. "दोन्ही बाजूंना ऱ्हाँकाय, श्वास सोडताना, खोकल्यावर कमी होतात. श्वास 24." मग तिनं वही मिटली आणि सुनेकडे वळून म्हणाली, "वहिनी, आजोबांच्या छातीत कफ आहे. खोकले की सुटतो. गरम पाणी देत राहा." सुनेनं मान हलवली. खिडकीत कालची बाटली तशीच होती. आजोबांना तहान लागली होती, त्यांनी ती उघडायला सांगितली. आम्ही घाईनं त्यांना फिल्टरचं पाणी आणून दिलं.

नाशिक
12 मे, परिचारिका दिन